घरी शिकवताना: पुस्तक धरून की प्रश्न धरून?

लेकीला घरीच शिकवायचं ठरलं तेव्हा दोन वाटा होत्या. बालभारतीची पुस्तकं घेऊन रोज ठरलेला धडा, नाहीतर तिला पडेल त्या प्रश्नामागे जायचं.

पहिल्या वाटेवर आपण निर्धास्त. किती झालं, किती राहिलं ते दिसतं. पण स्वाध्यायाचं उत्तर बहुतेकदा धड्यातच असतं, आणि ते हुडकण्यात मुलं लवकर पटाईत होतात. विचार करावाच लागत नाही.

दुसऱ्या वाटेवर पसारा फार. एकदा तिने विचारलं, "पोळी फुगते कशी?" 'वाफेमुळे' म्हणणार होते, जीभ चावली. तिने एक पोळी तशीच भाजली, दुसरीला काट्याने भोकं पाडली. भोकांची फुगेना. "म्हणजे आत काहीतरी कोंडतंय!" सकाळ गेली, जेवायला कडक पोळ्या, पण तर्क तिचा होता.

पाढे, अपूर्णांक मात्र नुसत्या कुतूहलावर येत नाहीत. तिथे मी मुकाट्याने पुस्तक उघडते.

बाकी वेळ प्रश्नांना. शाळेत न जाता देता येणाऱ्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) दहावीला किमान वय १४ लागतं, म्हणजे घाई नाही. नवऱ्याला हे अजून पटलेलं नाही.