ऑर्डर खरी, कार्ड खरं, ग्राहक मात्र भलताच

ऑनलाइन खरेदीतली फसवणूक म्हटलं की ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, हेच आधी डोळ्यांसमोर येतं. आमच्या बाबतीत ग्राहकाला तिचे पैसे परत मिळाले. बुडालो आम्ही, म्हणजे विकणारे. माल गेला, मालाचे जमा झालेले पैसे काढून घेतले गेले, वर चार्जबॅकची (कार्डधारकाच्या तक्रारीवरून बँक विक्रेत्याकडून पैसे परत घेते, त्याची) फी कापली गेली ती वेगळीच. छोटं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांनी, आणि अशा दुकानांत कार्ड सेव्ह करून ठेवणाऱ्यांनीही, हे वाचावं म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही कॅमेऱ्याच्या लेन्स आणि त्यांच्याबरोबर लागणाऱ्या बारीकसारीक वस्तू विकतो. लेन्स ही चोरांच्या फार आवडीची वस्तू आहे. आकाराने लहान, किमतीला भारी आणि हातोहात खपणारी. आमच्या एक जुन्या ग्राहक आहेत, अधूनमधून फिल्टर, झाकण, पुसायचं कापड असलं काहीतरी मागवायच्या. त्यांच्या खात्यावरून एकदम दुकानातली सगळ्यात महाग टेलिफोटो लेन्स मागवली गेली, तीही सर्वांत जलद डिलिव्हरीने. पैसे सेव्ह केलेल्या कार्डावरून पहिल्याच फटक्यात जमा झाले. जुनं गिऱ्हाईक, पैसे आलेले, शंका घ्यायला जागाच नव्हती. पॅकिंग बघणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने तर ‘बाईंनी शेवटी मोठी लेन्स घेतली’ म्हणून खूश होऊन पार्सल रवाना केलं.

पार्सल पोचल्यावर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. ‘अहो, तुमच्या दुकानाच्या नावाने माझ्या कार्डावर एवढी मोठी रक्कम कशी लागलीय? मी तर काहीच मागवलेलं नाही.’ ऑर्डरची इमेल आली नाही का, असं विचारलं, तर म्हणाल्या, त्या रात्री इनबॉक्समध्ये कुठकुठल्या न्यूजलेटरच्या शेकडो इमेल येऊन पडल्या होत्या, कंटाळून सगळ्या एकदम उडवून टाकल्या. हा योगायोग नव्हता. चोर आधी तुमचा इमेल पत्ता असंख्य ठिकाणी नोंदवून टाकतो, म्हणजे त्या कचऱ्यात ऑर्डरची इमेल गाडली जाते. अचानक असा इमेलचा पूर आला तर उडवण्याआधी त्यात एखादी ऑर्डर किंवा पासवर्ड बदलल्याची सूचना दडलीय का, ते शोधा.

मग आम्ही सर्व्हरवरच्या नोंदी काढून बसलो. आधी एक चुकीचा पासवर्ड, मग लगेच बरोबर पासवर्ड. यंत्र असं, की ज्यावरून हे खातं आजवर कधी उघडलंच नव्हतं. खात्यात शिरल्याबरोबर फोन नंबर बदललेला. त्यानंतर नवा पत्ता जोडलेला. मग थेट त्या एका लेन्सचं पान, कार्ट, पेमेंट. दुसरी कुठलीही वस्तू बघितलेली नाही, किमतींची तुलना नाही, लेन्स आपल्या कॅमेऱ्याला बसते का हेसुद्धा तपासलेलं नाही. खराखुरा गिऱ्हाईक एवढी मोठी वस्तू अशी घेत नाही, तो चार दिवस घोळ घालतो! प्रत्येक गोष्ट नोंदीत होती, वेळेसकट. फक्त त्या एकत्र करून ‘थांब जरा’ म्हणणारं काही आमच्या तयार दुकान-सॉफ्टवेअरमध्ये नव्हतं. पासवर्ड जुळला की त्याचं काम संपलं.

पासवर्ड चोराला मिळाला कसा? दुसऱ्याच कुठल्याशा साइटवरून फुटलेल्या इमेल-पासवर्डच्या याद्या बाजारात फिरत असतात. त्यातल्या जोड्या शेकडो दुकानांच्या लॉगिनवर यंत्राने आपोआप लावून बघतात, जी लागेल ती लागेल. आमची साइट कुणी ‘हॅक’ केलेलीच नव्हती. चोर पुढच्या दाराने, किल्ली लावून आत आला.

चार्जबॅकला उत्तर म्हणून आम्ही कुरिअरची पोच जोडली. उलट तीच आमच्या अंगाशी आली, कारण माल कार्डधारकाच्या पत्त्यावर पोचलाच नव्हता. आणि मुख्य मुद्दा असा की पैसे घेताना कार्डधारकाची ओळख बँकेकडून पटवलेली नव्हती. ३-डी सिक्युअरमधून, म्हणजे पैसे भरताना बँक स्वतः कार्डधारकाला तपासते त्या पायरीतून, ओळख पटलेली असेल, तर नंतरच्या फसवणुकीचा भार साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. ती पायरी वगळलेली असेल, तर भार विक्रेत्यावर. ‘जास्त पायऱ्या असल्या की गिऱ्हाईक कार्ट सोडून जातं’ असं सांगून ती पायरी बंद ठेवायला सुचवणारे सल्लागार नुकसानीच्या वेळी फोन उचलत नाहीत, हे जाता जाता.

यानंतर आम्ही बहुतेक सगळे करतात तेच केलं. प्रत्येक लॉगिनला आणि प्रत्येक ऑर्डरला एसएमएसवर ओटीपी सुरू केला. साधं झाकण घेणारेसुद्धा वैतागले, आणि फसवणूक काही थांबली नाही. दुसऱ्या एका ग्राहकाला फोन आला, आमच्याच दुकानाचं नाव घेऊन. ‘सर, तुमच्या खात्यावरून एक संशयास्पद ऑर्डर झालीय. ती रद्द करायला तुम्हाला आता एक कोड येईल, तेवढा सांगा.’ कोड आला, सांगितला गेला, आणि त्याच कोडने ऑर्डर झाली. दर वेळी कोड टाकून टाकून माणूस इतका सरावतो की तो नेमका कशासाठी आलाय, हे वाचतच नाही. ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम आणि दुकानाचं नाव लिहिलेलं असेल, तर कोडाआधी ते वाचा. काही रद्द करायला, परत मिळवायला किंवा थांबवायला कुणालाही फोनवर कोड सांगावा लागत नाही. न मागता ओटीपी आला, तर तुमचा पासवर्ड दुसऱ्या कुणाच्या हातात असण्याची दाट शक्यता आहे. तो तेव्हाच्या तेव्हा बदला.

दोन्ही प्रकरणांनंतर आमच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. पहारा सगळीकडे सारखा ठेवून उपयोग नाही, धोका जिथे वाढतो नेमका तिथे तो कडक हवा. हा शोध आमचा नव्हे. अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ पासून चिप-कार्ड न वाचणाऱ्या दुकानदारांवर बनावट कार्डांच्या नुकसानीचा भार पडू लागला. दुकानातल्या चिप-व्यवहारात दर वेळी नवा गुप्त संकेत तयार होतो, त्यामुळे बनावट कार्ड तिथे चालत नाही. ऑनलाइन मात्र कार्डावर छापलेले आकडेच चालतात, म्हणून चोर तिकडे वळले. तिथल्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने जुलै २०१९ मध्ये ऑनलाइन दुकानांसाठी यावर एक मार्गदर्शिकाच काढली. तिचं सूत्र असं: नेहमीच्या खरेदीला अडवू नका, रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली किंवा व्यवहाराचा धोका जास्त दिसला, तरच ओळखीचा दुसरा पुरावा मागा. युरोपात ऑनलाइन पेमेंटला दोन घटकांनी ओळख पटवणं कायद्याने बंधनकारक आहे, तरी तिथेही कमी धोक्याच्या व्यवहारांना सूट मिळते. मात्र कार्ड-पेमेंटमध्ये १०० युरोपर्यंतची सूट हवी असेल, तर पेमेंट कंपनीचं फसवणुकीचं प्रमाण ०.१३ टक्क्यांच्या आत पाहिजे, आणि ५०० युरोपर्यंत हवी असेल तर ०.०१ टक्क्याच्या. कंपनीने स्वतःचं घर नीट ठेवलं तरच ग्राहकाला मोकळीक, हे मला फार पटलं.

आमच्याकडे आता प्रत्येक ऑर्डरला धोक्याचे गुण पडतात. नवं यंत्र, नुकताच बदललेला फोन नंबर किंवा पत्ता, ग्राहकाच्या नेहमीच्या खरेदीपेक्षा कितीतरी मोठी रक्कम, जलद डिलिव्हरी, लागोपाठ फसलेले लॉगिन. एकटी कुठलीच गोष्ट गुन्हा नाही. लोक फोन बदलतात, घर बदलतात, भेट म्हणून दुसऱ्याच्या पत्त्यावर वस्तू पाठवतात. पण तीन गोष्टी एकाच बैठकीत घडल्या की व्यवहार थांबतो आणि दुसरा पुरावा मागितला जातो. गुण फारच वर गेले, तर पार्सल माझ्या टेबलावर येतं आणि मी खात्यावरच्या जुन्या नंबरावर फोन करतो. जुन्या, हे महत्त्वाचं. चोराने टाकलेल्या नव्या नंबरावर फोन केला, तर तो गोड बोलून ‘हो, मीच मागवलंय’ म्हणणारच.

दुसरा पुरावा म्हणून आम्ही पासकी ठेवली आहे. ती ग्राहकाच्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये राहते, बोटाने किंवा चेहऱ्याने उघडते, आणि ज्या साइटसाठी बनवली त्याच साइटच्या पत्त्याला उत्तर देते. हुबेहूब दिसणारी खोटी साइट उभी केली तरी तिथे ती चालत नाही. फोनवर वाचून दाखवावा असा आकडाच नसल्यामुळे ‘सर, कोड सांगा’वाल्यांचं काम तिथेच संपतं. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी ओटीपी आहेच, पण त्या ऑर्डरला आम्ही एक दिवस जास्त घेतो.

आता याच्या उणिवा. संगणकात शिरलेला व्हायरस ब्राउझरमधल्या कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या बारीक नोंदी) उचलून नेतो, मग चोर आधीच लॉगिन झालेल्या अवस्थेत, ओळखीच्या यंत्रासारखाच दिसतो. म्हणून पत्ता बदलताना आणि महाग वस्तू घेताना लॉगिन असलेल्यालाही आम्ही पुन्हा विचारतो. त्याहून मोठं भगदाड म्हणजे ‘माझा फोन हरवला, नवी पासकी जोडून द्या’ ही विनंती. पुढचा दरवाजा कितीही भक्कम केला, तरी ग्राहक-सेवेतला माणूस मागची खिडकी उघडून देऊ शकतो. अशी विनंती आली की जुन्या इमेलवर आणि जुन्या नंबरावर सूचना जाते, आणि काही काळ त्या खात्यावरून सेव्ह केलेलं कार्ड वापरता येत नाही. यावरून आमच्याशी भांडलेले प्रामाणिक ग्राहकही आहेत. मी त्यांची माफी मागतो, नियम मात्र बदलत नाही.

खातं न उघडता ‘गेस्ट’ म्हणून येणाऱ्यांचं कोडं अजून सुटलेलं नाही. ज्याचा मागचा इतिहासच नाही, त्याला गुण द्यायचे कशावरून? तिथे आम्ही ३-डी सिक्युअर कायम चालू ठेवलंय, आणि महागड्या लेन्स गेस्टला विकणं सध्या बंद केलंय. त्यामुळे काही खरी गिऱ्हाइकंही हातची जातात, पण तो हिशोब आम्ही करून बघितलाय.