टिळकवाडीत जर्सी आणि इनर छापून घेतले, कापड एक नंबर पण मराठी अक्षरं आधी तपासा

आमच्या गल्लीच्या फुटबॉल टीमसाठी जर्सी आणि आतले इनर बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका छोट्या प्रिंटिंगवाल्याकडून करून घेतले त्याचा अनुभव लिहितोय, दुकानाचं नाव घालत नाही.

टीममधी कॅम्पातली पाच पोरं ख्रिश्चन, रविवारी चर्चमधली मिस्सा (प्रार्थना) झाली की थेट ग्राउंडवर येतात. ३० ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या क्रिकेटर जेमिमा रॉड्रिग्सनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ मारले, ३३९ चं टार्गेट गाठलं आणि माईक समोर आल्यावर आधी येशूचे आभार मानले, त्या दिवसापासून ह्यांचं एकच, जर्सीवर बायबलचं वचन पाहिजे. ठरलं फिलिप्पैकरांस ४:१३, म्हणजे मला बळ देणाऱ्या ख्रिस्ताच्या जोरावर मी सगळं करू शकतो, अमेरिकेतला बास्केटबॉलवाला स्टीफन करी बुटावर लिहितो ते. मी ख्रिश्चन नाही, पण कॅप्टन मी, म्हणून दुकानात मीच गेलो.

मालक जुने डिफेंडर निघाले. ऑर्डर लिहायच्या आधीच म्हणाले, जर्सीवर वचन नको, रेफ्री खेळू देणार नाही. खरंच आहे ते, फुटबॉलच्या नियम ४ मध्ये राजकीय, धार्मिक, वैयक्तिक कसलीच घोषणा चालत नाही. पोरं म्हणाली मग काकाला कसं चाललं (ब्राझीलचा फुटबॉलर काका हां, मालक काका नव्हे), २००७ च्या चॅम्पियन्स लीग फायनलला अथेन्समध्ये त्याच्या मिलाननं लिव्हरपूलला २-१ हरवलं आणि हा जर्सी काढून 'मी येशूचा आहे' लिहिलेला टीशर्ट दाखवत गुडघ्यावर बसला होता की. मालक हसले, अरे त्यानं शेवटची शिट्टी झाल्यावर काढली, तू गोल मारून काढ बघू, आत काहीही नसलं तरी पिवळं कार्ड. आणि आता तर इनरवरची घोषणा दाखवणं पण नियमाबाहेर आहे. म्हणजे वचन जर्सीच्या आत, कुणाला न दाखवता. मला वाटलं पोरं नाराज होतील, तर आमचा लेफ्ट विंगर म्हणतोय, ज्याला दिसायचं त्याला दिसतंय की. झालं, इनरवर छापायचं ठरलं.

एवढं चांगलं सांगणाऱ्या माणसाकडं घोटाळा झाला तो कॉम्प्युटरवर. डिझाईन करणारा पोरगा कानडी, मराठी वाचायला येत नाही, आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये फॉन्ट बदलला की जोडाक्षरं तुटतात. 'फिलिप्पैकरांस' मधला प्प फुटून एक पाय मोडलेला प आणि दुसरा प असे वेगवेगळे आले, आणि 'ख्रिस्त' तर वाचवेना. चूक थोडी माझी पण, व्हॉट्सॲपवर प्रूफ आलेलं ते मी बसमधून नुसतं ओके करून टाकलेलं.

बाकी काम लई छान. कापड हलकं, घाम धरत नाही, पाच-सहा धुण्यात रंग गेला नाही, नंबर सोलले नाहीत. जर्सी ३५० आणि इनर २०० पडला, वेळ सांगितलेली चार दिवस, लागले सात. चार स्टार. एक कापला तो अक्षरांसाठी, उशीर मी धरत नाही, आपल्याकडं चार म्हणजे सातच असतात.

मराठी छापायचं असेल तर मजकूर टाईप करून देऊ नका, पक्कं डिझाईन फोटो करूनच द्या, आणि प्रूफ घरी बसून मोठं करून बघा. पाचही इनर त्यांनी फुकट परत छापून दिले. चुकलेले पाच आमच्या गोलकीपरनं मागून घेतले, प्रॅक्टिसला तेच घालतोय.