गुजरातीतून मराठीकडे : बडोद्यातल्या आमच्या वर्गात काय उपयोगी पडलं

जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी मी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मुलांना मराठी शिकवते. मुलं आठ ते चौदा वर्षांची. घरी आजी-आजोबा मराठीत बोलतात, आई-बाबा अर्धं मराठी, अर्धं गुजराती, आणि मुलं आपापसात निव्वळ गुजराती. त्यांना मराठी समजतं जवळजवळ सगळं, बोलायला सांगितलं की मात्र गाडी अडते. वर्गाला फी नाही, त्यामुळे साहित्यही शक्यतो फुकट मिळणारंच वापरायचं असं ठरवलं होतं. बरंच काही वापरून झालं आहे. बडोद्यात किंवा गुजरातमध्ये कुठेही घरच्या मुलांना मराठी शिकवायचं मनात असेल, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

कुठलंही पुस्तक हातात घेतलं की मी आता एकच गोष्ट आधी बघते : हे कोणासाठी केलं आहे? मराठी बोलतच शाळेत आलेल्या मुलासाठी, की दुसऱ्या भाषेतून मराठीकडे येणाऱ्यासाठी? आपल्याकडे बहुतेक पालक महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडून पहिलीचं 'बालभारती' मागवतात. पुस्तक सुंदरच आहे, पण ते मराठी ही पहिली भाषा असलेल्या मुलांचं आहे. ते काढणाऱ्या महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळालाही बालभारतीच म्हणतात, आणि त्याच मंडळाची 'मराठी सुलभभारती' नावाची वेगळी मालिका आहे, आणि ती आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या इंग्रजी, हिंदी, गुजराती, उर्दू अशा इतर माध्यमांच्या शाळांतून जी मुलं मराठी शिकतात, त्यांच्यासाठी ती काढलेली आहे. चित्र बघून बोलणं, छोटे संवाद, रोजच्या वापरातली वाक्यं असा तिचा भर. नववी-दहावीलाही असाच फरक आहे : प्रथम भाषेला 'कुमारभारती', द्वितीय भाषेला 'अक्षरभारती'. ही सगळी पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात. आमच्या वर्गातल्या अकरा वर्षांच्या मुलांना मी तिसरीचं सुलभभारती दिलं. वयाच्या मानाने खालची इयत्ता म्हणून एकाही मुलाने तक्रार केली नाही, कारण पान वाचून संपतं आणि कळतं.

आता गुजरातीबद्दल. पुष्कळ आजी-आजोबांना वाटतं की गुजरातीने मुलांचं मराठी बिघडवलं. मला हे अजिबात पटत नाही, आणि या महिन्यांत तर मत आणखी पक्कं झालं. हिंदीतून येणाऱ्या मुलाला नपुंसकलिंग मुळापासून शिकवावं लागतं. आपल्या मुलांना ते गुजरातीतून आधीच येतं, कारण गुजरातीतही तीन लिंगं आहेत. ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि ऐकणाऱ्याला सोडून 'आम्ही' हा फरक हिंदीत नाही, गुजरातीत 'आपणे' आणि 'अमे' असा तो तस्साच आहे. ळ त्यांच्या जिभेवर आहेच. 'मी पोळी खाल्ली' यात क्रियापद पोळीप्रमाणे बदलतं, हेही 'में रोटली खाधी' म्हणणाऱ्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. एवढं भांडवल घेऊन मूल येतं आणि आपण त्याला कोऱ्या पाटीवर बसवतो, हे चुकीचं आहे.

अडचणी खऱ्या आहेत, पण मोजक्या आहेत. काही शब्दांचं लिंग वेगळं : गुजरातीत चा स्त्रीलिंगी, म्हणून मुलं 'चहा घेतली' म्हणतात, आणि 'मारी पेन'वरून 'माझी पेन'. सगळ्यात मोठा अडथळा सामान्यरूपाचा, म्हणजे पुढे प्रत्यय जोडताना शब्दाचं रूप बदलतं त्याचा. गुजरातीत 'शाळामां', म्हणून मराठीत 'शाळामध्ये', 'माणसने'वरून 'माणूसला'. यावर आम्हाला खरी मदत झाली ती स्टोरीवीव्हरची.

स्टोरीवीव्हर हे 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेने 2015 मध्ये सुरू केलेलं मुलांच्या चित्रगोष्टींचं मोफत भांडार आहे. गोष्टी तीनशेहून जास्त भाषांत आहेत आणि वाचनाच्या चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत. आमच्या दृष्टीने मोलाची बाब अशी की एकच गोष्ट अनेकदा मराठीतही असते आणि गुजरातीतही, चित्रं तीच. मी दुसऱ्या पातळीची गोष्ट निवडते, दोन्ही भाषांतली पानं छापून घेते आणि शेजारी शेजारी ठेवते. मुलांनी आधी गुजराती वाचायचं, मग मराठी, आणि जिथे शब्दाचा शेवट बदललेला दिसेल तिथे लाल पेन्सिलीने गोल करायचा.

पावसाळ्यातल्या एका शनिवारी दहा वर्षांची एक मुलगी अशीच पानं घेऊन जमिनीवर पालथी पडून वाचत होती. गुजराती पानावर 'झाड पर', मराठी पानावर 'झाडावर'. तिने गोल केला. पुढे 'घरमां' आणि 'घरात'. पुन्हा गोल. मग एकदम उठून बसली आणि म्हणाली, "काकू, मराठीत शब्द आधी वाकतो, मग त्याला पुढचं जोडायचं." मी तिला विचारलं, गुजरातीत कधीच वाकत नाही का? ती विचार करत राहिली. मोठ्या मुलांपैकी एकाने उत्तर दिलं : 'घोडो'चं 'घोडाने' होतं, 'ससलुं'चं 'ससलाने'. म्हणजे गुजरातीतही वाकतो, फक्त ठरावीक शब्दांत, आणि मराठीत जवळजवळ सगळ्या. त्या संध्याकाळी फळ्यावर मुलांनी स्वतःच यादी केली : घोडा-घोड्याला, ससा-सशाला, माणूस-माणसाला, शाळा-शाळेत, विहीर-विहिरीत. सामान्यरूप हा शब्द मी त्यांना त्यानंतर सांगितला. व्याकरणाचं पुस्तक उघडून हे इतक्या लवकर झालं नसतं.

स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. लेखक, चित्रकार, अनुवादक यांचा उल्लेख कायम ठेवला की गोष्ट छापता येते, वाटता येते, ध्वनिमुद्रित करता येते, बदलून सोपीही करता येते. शिक्षकाला याहून मोठं स्वातंत्र्य काय हवं! लांब वाक्यं तोडून मी काही गोष्टी आमच्या मुलांच्या बेताच्या करून घेतल्या. तिथे कोणालाही अनुवाद करता येतो, त्यामुळे मराठीची धाटणी गोष्टीगणिक वेगळी असते. शिक्षकाने गोष्ट वर्गात नेण्याआधी एकदा मोठ्याने वाचावी. कानाला खटकलं तर दुसरी घ्यावी, गोष्टींना तोटा नाही. दिवाळीनंतर मोठ्या मुलांनी उलट दिशेने काम सुरू केलं : गुजराती गोष्ट घ्यायची आणि मराठी आपण लिहायचं. यात त्यांचा कस लागतो, आणि कुठला शब्द घरी विचारून यायचा तेही त्यांना नेमकं कळतं.

वाचनाने एक गोष्ट साधत नाही, ती म्हणजे उच्चार. मराठीत च, ज, झ यांचे दोन दोन उच्चार आहेत आणि लिहिताना ते एकच दिसतात. 'चार' आणि 'चारा' यांतला च निराळा. 'हे जग' मधला ज आणि 'सुखाने जग' मधला ज निराळा. गुजरातीत हा भेद नाही, म्हणून मुलं सगळीकडे एकच च वापरतात. यावर कानाने ऐकणं हाच उपाय आहे आणि ते साहित्य आपल्या घराघरांत आहे. मी गोष्टींची पानं आजी-आजोबांना व्हॉट्सॲपवर पाठवते आणि ते वाचून आवाज पाठवतात. पंचाहत्तरीच्या पुढचे एक आजोबा वाघासाठी वेगळा आवाज काढतात, मुलं त्यांचीच फाइल पुन्हा पुन्हा लावतात. ज्या घरात नातवंडं आजोबांशी गुजरातीत बोलत होती, तिथे आता निदान गोष्टीपुरतं मराठीत बोलणं होतं. मला या वर्गातून जे मिळालं त्यात हे सगळ्यात वर आहे.

पैसे भरून घेतलेलं एक ॲपही आम्ही चालवलं. नाव देत नाही. त्यात फळं, प्राणी, रंग यांची चित्रं आणि नावं भरपूर, पण सगळं रोमन लिपीत, आणि 'तू' कोणाला म्हणायचं, 'तुम्ही' कोणाला, याचा पत्ता नाही. मुलांना पन्नास प्राण्यांची नावं आली आणि आजीला 'तुम्हाला पाणी देऊ का?' विचारता आलं नाही. मुदत संपल्यावर पुन्हा घेतलं नाही.

लिपीवर फार वेळ घालवू नये असं माझं मत. शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी ओळखीची असते. शिरोरेषा आणि ख, झ, भ अशी गुजरातीहून वेगळी दिसणारी अक्षरं थोड्या सरावाने बसतात. 'दुसऱ्या', 'तुमच्या', 'घोड्या' ही रूपं मात्र हाताने लिहून घ्यावीत.

शब्दकोशांचं सांगते, कारण शिक्षकाला रोज लागतात. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातल्या भाषांचे शब्दकोश ऑनलाइन मोफत ठेवले आहेत. त्यात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, त्याची दुसरी आवृत्ती 1857 ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच शोधता येतो. मुलांसाठी मी वापरते तो मॅक्सिन बर्नसन यांचा छोटा कोश. बर्नसनबाई अमेरिकेतून आल्या आणि फलटणला राहून मुलांच्या शिक्षणाचं काम केलं. परक्या भाषेतून मराठीत आलेल्या माणसाला काय अडतं हे त्यांना स्वतः ठाऊक होतं, म्हणून त्यांच्या कोशात रोजच्या व्यवहारातले शब्द भेटतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला तो झेपतो. मोल्सवर्थ मोठ्यांसाठी. त्यात शब्दांचा खजिना आहे, पण आज कानावर न पडणारे अर्थही तेवढेच.

वाचायला लागलेल्या मुलांना 'किशोर' द्यावा. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतं आणि जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात. आमच्याकडचा चौदा वर्षांचा मुलगा आपल्या आजोबांच्या लहानपणचं मराठी काय होतं ते शोधत जुन्या अंकांत रमतो. छापील पुस्तकंच हातात हवी असतील तर मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहे. सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून 1910 मध्ये जी ग्रंथालयव्यवस्था उभी केली, तिचा हा मुख्य भाग, आणि मराठी पुस्तकांचा संग्रह तिथे आजही आहे. मुलांना एकदा तरी आत नेऊन आणावं.

मोठ्यांसाठी वाट वेगळी. आमच्या शेजारी लग्न होऊन आलेली एक गुजराती सून मराठी शिकू इच्छीत होती. तिला 'मायमराठी' फार लागू पडलं. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर अमराठी भाषकांसाठी तयार केलेली ही पुस्तकं. परकी भाषा जशी शिकवतात त्या पद्धतीने, म्हणजे बाजारात, दवाखान्यात, पाहुण्यांकडे काय बोलायचं इथून सुरुवात. ती आता सासूबाईंशी भाजीवाल्याचा हिशोब मराठीत करते, सासूबाई मध्येच गुजरातीत उत्तर देतात ते वेगळं.

ज्यांना शिकवण्याचंच प्रशिक्षण हवं आहे त्यांनी दोन ठिकाणं जरूर बघावीत. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात आहे. मराठी, गुजराती, सिंधी या भाषा दुसरी भाषा म्हणून शिकवण्याचं काम तिथे चालतं. आणि आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठी विभाग आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना अशा वर्गात शिकवायला बोलावलं तर दोघांचाही फायदा.

एक वस्तू मला शोधूनही मिळाली नाही : मुलांच्या हातात देता येईल असा, लिंग आणि सामान्यरूप दाखवणारा छोटा गुजराती-मराठी कोश. म्हणून आमची मुलं वहीत तो स्वतः करताहेत. डाव्या पानावर गुजराती शब्द, उजव्या पानावर मराठी शब्द, त्याचं लिंग आणि वाकलेलं रूप. मे महिन्याच्या सुट्टीत ते सगळं टाइप करून घ्यायचं ठरलं आहे, आणि आजोबा मंडळींनी प्रत्येक शब्द वाचून ध्वनिमुद्रित करून द्यायचं कबूल केलं आहे.