फ्रंटलाइन प्लस (अंगावर लावायचं पिसवांचं औषध) आणि ड्रॉन्टल (जंताची गोळी): एक कुत्रा, तीन मांजरं, वर्षभर वापरून लिहितेय

आधी घराचं सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. देवरूखच्या बाजूला कौलारू घर, पुढे पडवी, मागे परडं, परड्यापलीकडे शेजाऱ्यांचा गोठा. वाघ्या कुत्रा, १६ किलोचा, आणि तीन मांजरं: मनी, तिची पोर बारकी आणि एक दांडगा बोका ज्याला सगळे बोक्याच म्हणतात. चौघं दिवसभर मोकळे फिरतात आणि रात्री माजघरात एका गोधडीवर एकमेकांना चिकटून झोपतात. ही एक गोधडी म्हणजेच सगळं दुखणं होतं, पण ते कळायला मला चार महिने लागले.

गेल्या चैत्रात सासूबाई सकाळी गोधडी झटकताना म्हणाल्या, अगो इथे तीळ कोणी सांडले? तीळ नव्हते. मनीच्या शेपटीखाली पाहिलं तर तसलेच पण ओले, पांढरे, तांदळाच्या दाण्याएवढे, आणि एक चक्क हलत होता. टेपवर्मचे, म्हणजे आतड्यातल्या पट्टीसारख्या जंताचे तुकडे ते, वाळले की तिळासारखे दिसतात. दुकानातून जंताचं पातळ औषध आणलं, चौघांना पाजलं, काही फरक नाही. नंतर समजलं की त्यात नुसतं पायरँटेल होतं, ते गोल जंतांवर चालतं, टेपवर्मवर नाही. म्हणून ज्यांना शेपटीपाशी तांदूळ दिसतायत त्यांनी पाकिटावर प्राझिक्वांटेल हे नाव शोधा, ते नसेल तर पैसे वाया.

मग ड्रॉन्टल आणली. कुत्र्याची ड्रॉन्टल प्लस १० किलोला एक गोळी, म्हणजे वाघ्याला दोन. मांजरांची वेगळी येते, कुत्र्याची तोडून मांजराला देऊ नका. वजन बघायला मांजर कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले, मग एकटीचं वजन वजा केलं. दोन दिवसांत तुकडे बंद. मी खूश. आणि बरोबर साडेतीन आठवड्यांनी गोधडीवर परत तीळ. पुन्हा गोळी, पुन्हा बंद, पुन्हा महिन्याच्या आत हजर. असं तीनदा झालं आणि माझी खात्री झाली की गोळ्या डुप्लिकेट आहेत, तसा एक स्टारचा रिव्ह्यू टाकायलाही बसले होते. बरं झालं टाकला नाही, कारण गोळी तिन्ही वेळा तिचं काम करून गेली होती.

हे उलगडलं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी टेपवर्मबद्दल ऐकून घेतलं आणि वाघ्याच्या शेपटीच्या मुळाशी केस बाजूला करून बघायला लागले. काळी मिरपूड सांडल्यासारखे कण होते. ओल्या कापसावर ते घासले तर कापूस तांबूस झाला. म्हणाले ताई, ही पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त, तुमचा टेपवर्म पिसवांतून येतोय. टेपवर्मचं अंडं पिसूची अळी खाते, ती मोठी होऊन पिसू झाली की टेपवर्मची पिल्लावळ तिच्या पोटात तयार असते, मांजर अंग चाटताना ती पिसू गिळते आणि साधारण ३ आठवड्यांत शेपटीखाली पुन्हा तांदूळ. गोळी आतला जंत मारते पण तिचा असर नंतर शिल्लक राहत नाही, दुसऱ्या दिवशी नवी पिसू गिळली की नवा जंत. म्हणजे माझे साडेतीन आठवडे गोळीचा दोष नव्हताच, आणि मी चार महिने चुकीच्या गोष्टीवर चिडत होते.

आता फ्रंटलाइन प्लसकडे. यात दोन औषधं असतात, फिप्रोनिल मोठ्या पिसवा मारतं आणि एस-मेथोप्रीन अंडी-अळ्या पुढे वाढू देत नाही. हे दुसरं नसेल तर आमच्यासारख्या घरात भागत नाही, कारण एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते आणि ती अंडी अंगावर टिकत नाहीत, जनावर जिथे झोपतं तिथे सांडतात. अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्याच, बाकी सगळं गोधडीत, फरशीच्या फटीत, पडवीतल्या गोणपाटात. लावायचं मानेच्या मागे, खांद्यांच्या मधे, केस बाजूला करून थेट कातडीवर, जिथे जीभ पोचत नाही. मनीने पहिल्यांदा ते चाटलंच आणि तोंडाला फेस आला, औषध कडू असतं म्हणून, पाणी दिलं आणि थोड्या वेळात निवळली. आता लावल्यावर तासभर चौघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवते कारण ते एकमेकांना चाटतात. आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही. चौघांना एकाच दिवशी लावायचं, एकाला सोडलं तर तो बाकी तिघांना पिसवा पुरवतो.

आणि हे पहिल्या महिन्यात तुम्हाला फसल्यासारखं वाटणार. मला वाटलं. १० दिवसांनी उड्या मारणाऱ्या पिसवा परत दिसल्या, उलट जास्तच. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले या कोषातून बाहेर पडतायत, कोषात असताना कुठलंच औषध आत शिरत नाही, महिनोन्महिने ते तसेच पडून राहतात आणि कोणी जवळून चाललं, अंगाची ऊब लागली की फुटतात. त्यांना बाहेर येऊन वाघ्यावर चढू दे, चढल्या की मरतील, तुम्ही महिना चुकवू नका. ३ महिने धरून चाला म्हणाले. बहिणीकडून व्हॅक्युम क्लीनर आणला, रोज माजघर, पलंगाखाली, भिंतीच्या कडा, आणि पिशवी लगेच बांधून बाहेर. गोधड्या दर ४ दिवसांनी उकळत्या पाण्यातून काढल्या, श्रावणात त्या वाळवायच्या कुठे हा प्रश्न मोठाच, चुलीवरच्या दोरीवर टाकायचो. गोणपाटं जाळून टाकली. उवांची बारीक फणी घेऊन रोज संध्याकाळी चौघांना विंचरलं, निघालेली पिसू साबणाच्या पाण्यात. रात्री पांढऱ्या ताटलीत साबणाचं पाणी घालून वर झिरोचा दिवा लावायचे, सकाळी त्यात किती पडल्या ते मोजायचे. पहिल्या आठवड्यात १९, तिसऱ्या महिन्यात सलग ८ दिवस ताटली रिकामी, त्या दिवशी मी खरंच रडले. फ्रंटलाइन लावलं त्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना ड्रॉन्टल पण दिली होती आणि यावेळी साडेतीन आठवडे झाले, पाच झाले, आठ झाले, तीळ आले नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगते. या सगळ्याआधी एका दुकानात कुत्र्याच्या पिसवांची पावडर घेतली, दुकानदार म्हणाला मांजराला पण चालते. बारकीला लावली, दोन तासांत तिचं अंग थरथरायला लागलं, कान फडफडतायत, लाळ गळतेय. पावडरीत पर्मेथ्रिन होतं, कुत्र्याला चालतं, मांजराला विष. भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि रिक्षाने डॉक्टरांकडे, रात्रभर तिथे होती, वाचली. गोठ्यात गोचिडांसाठी मारतात ते डेल्टामेथ्रिनही त्याच जातीचं, शेजारी आपुलकीनेच देऊ करतात पण मांजर असलेल्या घरात नको. आणि कोणाकडे ससा असेल तर त्याला फ्रंटलाइन लावू नका, फिप्रोनिल सशाला सोसत नाही.

पोरांचं विचारतील म्हणून लिहिते, माणसाला हा टेपवर्म होतो पण क्वचित, लहान मुलाच्या तोंडात चुकून पिसू गेली तर. तुकड्याला हात लागून होत नाही. हात धुणं आहेच.

तोटे आहेत. चौघांचं मिळून महिन्याला दोन हजारांच्या आसपास जातात, आमच्यासाठी ते जड आहे. मानेवर दोन दिवस तेलकट चिकट डाग राहतो. पावसात वाघ्या रोज चिंब होऊन येतो तेव्हा महिन्याच्या शेवटी असर कमी वाटतो, फणीत एखाददुसरी सापडते. गोचिडांसाठी मला एवढं समाधान नाही, त्या अजून हाताने काढाव्या लागतात. म्हणून फ्रंटलाइनला ४ स्टार, ड्रॉन्टलला ५.

कार्तिकात बोक्याच्या शेपटीखाली पुन्हा तुकडे दिसले तेव्हा पोटात गोळा आला, ताटली लावली, फणी फिरवली, एकही पिसू नाही, बाकी तिघे स्वच्छ. डॉक्टर म्हणाले हा उंदीर खातो ना, मग हा दुसरा टेपवर्म, उंदरातून येणारा, तुकडे पण जरा वेगळे दिसतात. गोळी तीच, पण पिसवांचं औषध यावर काही करत नाही. बोक्याला उंदीर खाऊ नको हे कोण सांगणार, त्यामुळे त्याला एकट्याला डॉक्टरांनी ३ महिन्यांनी गोळी ठरवून दिलीय. फ्रंटलाइनची तारीख विसरू नये म्हणून सासूबाईंनी ते संकष्टीला बांधून टाकलंय, कालनिर्णयवर चंद्रोदयाच्या वेळेशेजारी चौघांची नावं पेन्सिलने लिहितात आणि उपास सोडायच्या आधी मला पिपेटा (फ्रंटलाइनच्या छोट्या नळ्या) आणून देतात.