कुत्र्याच्या ऍलर्जनची रिकॉम्बिनंट प्रोटीन्स: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकालच सांगतो. ही रिकॉम्बिनंट (जनुक जिवाणूत किंवा यीस्टमध्ये घालून बनवलेली) प्रोटीन्स आयजीई, म्हणजे ऍलर्जीची अँटिबॉडी, मोजणाऱ्या एलायझा चाचणीसाठी पैसे वसूल, पण पेशींवरच्या प्रयोगांसाठी डोळे झाकून घेऊ नका. आमची लॅब पुण्यात आहे, रुग्णांची सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) ऍलर्जी क्लिनिककडून येतात, आणि कॅन एफ (कुत्र्याच्या ऍलर्जन्सचं शास्त्रीय नाव) १, २, ३ आणि ५ ही चार प्रोटीन्स सध्या आमच्या रोजच्या कामात आहेत. कंपनीचं नाव मुद्दामच देत नाही, कारण खालच्या बऱ्याच गोष्टी कोणाकडूनही माल घेतला तरी तपासाव्या लागतीलच.

पूर्वी आम्ही कुत्र्याच्या केस-कोंड्याचा क्रूड एक्स्ट्रॅक्ट (कच्चा अर्क) वापरायचो. एका बॅचमध्ये कॅन एफ १ भरपूर, पुढच्या बॅचमध्ये नावापुरतं. शिवाय सीरम पॉझिटिव्ह आलं तरी आयजीई नेमकं कशाला चिकटलंय, याचा पत्ता नाही. कॅन एफ १ आणि २ ची क्लोनिंग १९९७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून ही लिपोकॅलिन्स (छोटे रेणू वाहून नेणाऱ्या प्रोटीन्सचं एक कुटुंब) इ. कोलाय या जिवाणूत बनवता येतात. आता एलायझा प्लेटच्या विहिरीत (छोट्या खळग्यात) काय कोट केलंय ते ठाऊक असतं. प्रोटीनला हिस-टॅग (हिस्टिडिनची जोडलेली छोटी शेपटी) असेल तर अँटी-हिस अँटिबॉडीने सगळ्या विहिरींत कोटिंग सारखं बसलंय का, तेही पाहता येतं.

चारांत माझा कौल कॅन एफ ५ ला. हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं कॅलिक्रिन (प्रोटीन तोडणारं एन्झाइम), म्हणजे फक्त नर कुत्र्याचं. २००९ मध्ये ते मोठं ऍलर्जन म्हणून पुढे आलं, तेव्हा तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के त्याला पॉझिटिव्ह होते आणि काही तर फक्त त्यालाच. आमच्याकडेही तसं एक सीरम निघालं: एक्स्ट्रॅक्टवर पॉझिटिव्ह, १, २, ३ वर सपाट, ५ वर पिवळा रंग बघता बघता गडद. क्लिनिकमध्ये चौकशी केली तर घरातला कुत्रा नरच. माणसाच्या पीएसएशी (प्रोस्टेटमधल्या तशाच प्रोटीनशी) त्याची क्रॉस-रिऍक्टिव्हिटी आहे, म्हणजे एकच आयजीई दोघांनाही चिकटतं, हा वेगळा आणि फारच रंजक विषय. (क्लिनिकमधून हमखास येणारा प्रश्न: ‘हायपोऍलर्जेनिक’ (कमी ऍलर्जी देणारा म्हणवला जाणारा) कुत्रा घेऊ का? २०१२ च्या डच अभ्यासात अशा जातींच्या केसांत कॅन एफ १ कमी सापडलं नव्हतं, उलट जास्तच होतं. मालकांना हे पटत नाही.)

कॅन एफ ३ म्हणजे सीरम अल्ब्युमिन, आणि खरी गंमत इथेच आहे. प्लेटवरच्या उरलेल्या रिकाम्या जागा नेहमीप्रमाणे बीएसएने ब्लॉक केल्या तर तुम्ही गाईचं अल्ब्युमिन ओतताय. सस्तन प्राण्यांची अल्ब्युमिन्स एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात, की काही रुग्णांचं आयजीई त्यालाही चिकटतं आणि ब्लँक (ऍलर्जन न घातलेल्या) विहिरीसुद्धा रंगतात. ब्लॉकिंगसाठी केसीनवर (दुधातल्या प्रोटीनवर) या. काही पुरवठादार प्रोटीन टिकावं म्हणून कुपीतच बीएसए घालतात, तेव्हा ऑर्डर देताना ‘कॅरिअर-फ्री’ असं स्पष्ट लिहून मागा.

आता तक्रार. कॅन एफ १ चा एक लॉट एसडीएस-पेजवर (प्रोटीन्स वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर) बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल (डायसल्फाइड बंध तोडणारं, म्हणजे रिड्यूस करणारं रसायन) न घालता चालवला, तर मोनोमरच्या (एकट्या रेणूच्या) पट्ट्याशिवाय वर दुप्पट वजनाच्या जागी दुसरा ठळक पट्टा. रिड्यूस केलं की गायब, म्हणजे डायसल्फाइडने जोडलेला डायमर (दोन रेणूंची जोडी). सीओएवर (कंपनीच्या तपासणी-प्रमाणपत्रावर) फक्त रिड्यूस केलेल्या जेलचा फोटो होता आणि शुद्धता झकास. विचारल्यावर उत्तर आलं, पण आठवडे लावून. आता प्रत्येक नवा लॉट आम्ही दोन्ही प्रकारे चालवतो आणि जुन्या पॉझिटिव्ह सीरमवर जुन्या लॉटच्या शेजारी लावतो.

दुसरी तक्रार एन्डोटॉक्सिनची, म्हणजे इ. कोलायसारख्या जिवाणूंच्या आवरणातल्या, पेशींना भडकवणाऱ्या घटकाची. एलायझात त्याने काही बिघडत नाही, पण असं प्रोटीन पीबीएमसीवर (रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर) घातलं की ऍलर्जी नसलेल्या डोनरच्या पेशीही आयएल-६ (दाह वाढवणारं प्रोटीन) ओतायला लागतात. एन्डोटॉक्सिनला बांधून ठेवणारं पॉलिमिक्सिन बी घातल्यावर आकडा धाडकन उतरला, तेव्हा उलगडा झाला की कर्तृत्व कुत्र्याचं नव्हे, इ. कोलायचं होतं. ‘लो एन्डोटॉक्सिन’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नका. दर मिलिग्रॅमला किती ईयू (एन्डोटॉक्सिन युनिट), तो आकडा लॉटसह लेखी घ्या. पेशींसाठी मी यीस्टमध्ये, म्हणजे पिचियात बनवलेलं प्रोटीन पसंत करेन, पण तिथेही एलएएल टेस्ट (एन्डोटॉक्सिन मोजणारी चाचणी) करूनच. बफर, पाणी, कुपी यांतूनही एन्डोटॉक्सिन येतं.

ड्राय आइसवर आलेला माल कस्टम्समध्ये अडकतो, हे सगळ्यांना माहीत आहे. लायोफिलाइज्ड (गोठवून वाळवलेलं) मागवलं तर जीव टांगणीला लागत नाही. आल्यावर विरघळवून लगेच छोटे अलिकॉट (वाटे) करा, उणे ८० ला ठेवा, एकदा वितळलेलं परत गोठवू नका. आणि ही प्रोटीन्स फक्त संशोधनासाठी आहेत, त्यांनी रुग्णाची स्किन टेस्ट करायची नाही. हे लिहावं लागतंय, कारण एका डॉक्टरांनी खरंच विचारलं होतं.

क्रूड एक्स्ट्रॅक्ट आम्ही फेकलेला नाही. चारही प्रोटीन्सवर निगेटिव्ह आणि एक्स्ट्रॅक्टवर पॉझिटिव्ह अशी सीरम येतात, त्यांच्यासाठी कॅन एफ ४ आणि ६ मागवलेत. ६ ची मांजराच्या फेल डी ४ आणि घोड्याच्या इक्व सी १ शी क्रॉस-रिऍक्टिव्हिटी आहे, म्हणून त्या दोघांसकट इनहिबिशन (एका प्रोटीनने दुसऱ्याला चिकटणारं आयजीई अडतं का, ती चाचणी) लावायचंय. यावेळी ऑर्डरवर कॅरिअर-फ्री, नॉन-रिड्यूसिंग जेल आणि एन्डोटॉक्सिनचा आकडा, तिन्ही मागण्या आधीच लिहून दिल्यात.