मीटरगेजच्या जुन्या फिल्मांची डिस्क : घाटापेक्षा स्टेशनं बघा

बेळगाव-खानापूरकडच्या रेल्वे मॉडेलवाल्यांत सध्या हातोहात फिरणाऱ्या या दोन डिस्कच्या संचात सुपर एट (घरगुती कॅमेऱ्याच्या आठ मिलिमीटर) फिल्मांवरून उतरवलेलं सव्वा तासाचं चित्रण आहे. मिरज ते लोंढा मीटरगेज (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला मार्ग), कॅसलरॉकच्या खालचा घाट आणि शेवटी मिरजेचं यार्ड. किंमत ६५० रुपये. मॉडेल करणाऱ्यानं जरूर घ्यावा, पण पडद्यावर दिसतं तसंच्या तसं उचलू नये, कारण चित्राचा वेगही चुकलाय आणि रंगही. दोन्ही घरी दुरुस्त होतं.

आधी वेग. मूक सुपर एट सेकंदाला १८ फ्रेमनं चित्रित व्हायची. डिस्क करणाऱ्यानं ती सरळ २५ फ्रेमवर चढवली, त्यामुळं सगळं जवळजवळ ३९ टक्के जलद झालंय. हमाल तुरुतुरु पळतात आणि ताशी ४० किलोमीटरनं येणारी गाडी ५५ नं आल्यासारखी वाटते. व्हीएलसी प्लेअरमध्ये वेग ०.७२ ठेवा. माणसांची चाल माणसांसारखी दिसली की गाडीही बरोबर आली समजा.

आवाज मात्र सोडून द्या. तो मागाहून चिकटवलाय. दोन सिलिंडरचं वाफेचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार भसके टाकतं. इथं उगार खुर्दच्या शॉटमध्ये चाकांना जोडणारा रॉड एकदा फिरेपर्यंत कधी तीन ऐकू येतात, कधी सहा. साउंड डिकोडरचे (मॉडेलमधून आवाज काढणाऱ्या चिपचे) भसके या आवाजावर जुळवायला गेलात तर मॉडेल कायमचं बेसूर होईल.

वेग मोजायचा तर डोळ्यांनीच, आणि तो मोजण्यासारखा आहे. वायजी या मीटरगेजच्या मालगाडीच्या इंजिनाचं चालक चाक १२१९ मिलिमीटरचं, म्हणजे एका फेऱ्यात गाडी ३.८३ मीटर सरकते. शेडबाळहून निघणाऱ्या मालगाडीत रॉडचे दहा फेरे ०.७२ वर आठ सेकंदांत होतात. हिशेब केला की ताशी १७ किलोमीटर. एचओत, म्हणजे ८७ ला १ प्रमाणात, ही गाडी एक मीटर रूळ कापायला १८ सेकंद घेणार. रुळाशेजारी मीटरभर अंतरावर दोन खुणा करून घड्याळ लावा. आपली बहुतेक मॉडेलं हे अंतर पाच-सहा सेकंदांत उडवतात. डीसीसी (मॉडेल चालवायची डिजिटल पद्धत) असेल तर सीव्ही ५, म्हणजे कमाल वेगाचं सेटिंग, खाली आणा आणि सीव्ही ३, म्हणजे वेग हळूहळू घेण्याचं, वाढवा, म्हणजे सुटतानाचा जडपणा येईल. वायपी, म्हणजे प्रवासी गाडीचं इंजिन, मोजत असाल तर तिचं चाक १३७२ मिलिमीटरचं धरा, नाहीतर हिशेब चुकेल.

संचातला सगळ्यात मोलाचा तुकडा घटप्रभा स्टेशनचा आहे, जेमतेम चार मिनिटांचा. इंजिन पाण्याच्या नळाखाली उभं आहे. नळाचा कॅनव्हासचा पाइप बाजूला होताना टेंडरच्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीच्या) कडेवरून पाणी ओसंडतं आणि जिथं ओघळतं तिथं क्षारांचे पांढरट पट्टे दिसतात. खाली रुळांमधली खडी दिसतच नाही. राख, कोळशाचा चुरा आणि तेल यांचा काळा थर बसलाय, आणि तो फक्त इंजिन थांबतं तेवढ्याच जागी. दोन डबे मागं खडी पुन्हा स्वच्छ. आपण पूर्ण यार्डभर सारखा काळा वॉश (पातळ रंग) मारतो, तो का खोटा दिसतो ते इथं कळतं. पुढं फायरमन वाकून टोकनचं (पुढं जायच्या परवानगीच्या खुणेचं) कडं घेतो, कड्याला लटकलेली चामड्याची पिशवी आणि आतल्या गोळ्याच्या वजनानं तिचा झालेला फुगवटा स्पष्ट दिसतो. हा शॉट फ्रेम-फ्रेम थांबवून बघा. मीटरगेजच्या वाघिणींचं मधलं एकच बफर आणि त्यावरचा जोडणीचा आकडाही इथं जवळून मिळतो. बाजूचे दोन बफर असलेली ब्रॉडगेजची वाघीण रंगवून मीटरगेज म्हणून खपवू नका, टोकाकडून बघणाऱ्याला लगेच कळतं.

घाटाचा भाग मात्र निराशा करतो. खिडकीतून काढलेली झाडी, धूर आणि वळणं. मागून ढकलणारं इंजिन एकदाच ओझरतं दिसतं. घाटाचा चढ ३७ ला १ आहे, तेवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. तीन मीटरच्या चढावर मॉडेल आठ सेंटिमीटर उचलायचं.

आता रंग. प्रिंटमधला निळसर-हिरवा थर विटलाय, म्हणून सगळ्यावर गुलाबी-तांबूस झाक आहे. होम सिग्नलच्या लाल हातावरचा पांढरा पट्टा निवडून व्हाइट बॅलन्स करा, म्हणजे तो पांढरा दिसेल असे रंग जुळवा. मग डब्यांचा खरा विटकरी रंग वर येतो आणि फलाटामागची जमीन भडक लाल राहत नाही. मातीचा रंग मिसळत बसण्यापेक्षा खानापूरकडची जांभ्याची मातीच आणावी. उन्हात वाळवून चहाच्या गाळणीतून चाळायची आणि तिच्यातून दोनतीनदा चुंबक फिरवायचा. जांभ्यात लोहाचे कण असतात, ते मोटरच्या चुंबकाला चिकटतात आणि इंजिन अडकतं. ती चिकटवायला एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर पाणी मातीवर गोळे होऊन बसतं.

कुठल्या शॉटचं साल काय, हे डिस्कवर कुठंच लिहिलेलं नाही. ही मोठी उणीव. टेंडर आणि डब्यांवरची अक्षरं बघा. ‘एसआर’ (दक्षिण रेल्वे) असेल तर बहुधा २ ऑक्टोबर १९६६ च्या आधीची रंगरंगोटी, ‘एससी’ असेल तर नक्की नंतरची, कारण त्या दिवशी दक्षिण मध्य रेल्वे झाली आणि हुबळी विभाग तिच्याकडे गेला. दोन काळांच्या गाड्या एकाच लेआउटवर मिसळू नका. आणि पाटीवर ‘बेळगाव’च लिहा, ‘बेळगावी’ २०१४ नंतरचं.

मिरजेचा तुकडा दीड मिनिटाचा, पण तिन्ही गेज एका चौकटीत. एचओत ब्रॉडगेज १९.३, मीटरगेज ११.५ आणि बार्शी लाइट रेल्वेचं नॅरोगेज ८.८ मिलिमीटर. शेवटच्या दोन्हींना बाजारातले १२ आणि ९ मिलिमीटरचे रूळ चालून जातात. ब्रॉडगेजला मात्र नेहमीचा १६.५ चा रूळ डोळ्यांत खुपेल इतका अरुंद, तो स्वतःच टाकावा लागेल.

दुकानातून घेताना दुसरी डिस्क तिथंच लावून बघा. काही प्रतींत मिरजेचा तुकडा मध्येच अडकतो. शक्य असेल तर डिस्कऐवजी मूळ स्कॅनची १८ फ्रेमची फाईल पेन ड्राइव्हवर मागा. शंभर-दोनशे जास्त पडले तरी चालतील, थांबवलेली चौकट तिच्यात रेघांशिवाय दिसते आणि रिव्हेट मोजता येतात.