फ्री इस्टिमेटच्या नादात ८० हजार गेले, रो हाऊसवाल्यांनो नक्की वाचा

लिहू की नको असं दोन आठवडे चाललं होतं कारण लोक म्हणणार एवढी शिकलेली बाई आणि अशी कशी फसली, पण परवा आमच्याच लेनमधल्या वहिनी म्हणाल्या की त्यांनाही असाच फोन आलाय, म्हणून लिहितेय.

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याच्या बाजूला राहतो, रो हाऊस आहे, मधलं घर, म्हणजे दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांना चिकटलेल्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. वरच्या बेडरूमच्या कोपऱ्यात दोन वर्षांपासून ओल येतेय आणि बाहेरचा रंग पार उडालाय, म्हणून पावसाळ्याआधी उरकून टाकू असं मे महिन्यात ठरवलं. मोबाईलवर जाहिरात दिसली, बाहेरचा रंग प्लस वॉटरप्रूफिंग, साइट व्हिजिट फ्री, इस्टिमेट फ्री. नंबर टाकला तर दहा मिनिटांत एका मुलीचा फोन, अगदी गोड बोलणं, आणि तिचा एकच आग्रह, मॅडम घरात निर्णय घेणारे दोघंही हजर पाहिजेत हं. मला वाटलं किती व्यवस्थित लोक आहेत. आता कळतं ते कशासाठी होतं, "मिस्टरांना विचारून सांगते" म्हणायची सोयच ठेवायची नाही.

रविवारी दोघं आले, लोगोचे टीशर्ट, निळी फाइल, लाल लाइटचं लेझर मोजायचं यंत्र. सकाळीच मी कुंड्यांना पाणी घातलं होतं आणि त्याने बरोब्बर त्या कुंड्यांमागच्या भिंतीला दोन सुयांचं ओल मोजायचं मशीन टोचलं, ते लागलं टीं टीं करायला. मग प्लास्टरवरच्या केसाएवढ्या भेगांचे फोटो झूम करून दाखवले, म्हणे स्ट्रक्चरल क्रॅक आहे, या पावसात प्लास्टर अंगावर येईल. सासूबाई तिथेच बसलेल्या, त्या घाबरल्या, आणि एकदा घरातलं म्हातारं माणूस घाबरलं की आपलं डोकं चालत नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं. गंमत म्हणजे दोघांपैकी एकही टेरेसवर गेला नाही. ओल वरच्या मजल्यावर आणि तपासणी अंगणात!

हिशोब काय तर ३९०० स्क्वेअर फूट, ७० रुपये रेट, २ लाख ७३ हजार. आमचे चेहरे बघून त्याने "साहेबांना" फोन लावला आणि आज बुकिंग केलं तर ४५ रुपये, म्हणजे १ लाख ७५ हजार ५००, वर १८ टक्के जीएसटी, ४० टक्के आत्ता. उद्या हा रेट नाही. नवऱ्याने तिथल्या तिथे ८० हजार यूपीआयने पाठवले, पैसे कुणाच्या तरी पर्सनल खात्यात गेले, फर्मच्या नाही, तेही आम्ही नंतर पाहिलं.

चौथ्या दिवशी दोन पोरं आली, मागची भिंत घासली, अर्ध्या भिंतीला प्रायमर मारला आणि म्हणाली परांचीचे २२ हजार वेगळे, भेगा भरायचे रनिंग फुटावर वेगळे. मी म्हटलं कागदावर असं कुठे आहे, तर खरंच कागदावर काहीच नव्हतं, ना रंगाची कंपनी, ना किती कोट, ना कुठली भिंत किती, फक्त "बाहेरील काम अंदाजे" आणि रक्कम. साहेबांना विचारून येतो म्हणून गेली ती गेलीच. फोन बंद. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो आणि आपल्या महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आमच्या कागदावरचा नवऱ्याने मोजला तर १४ निघाला. सरकारी पोर्टलवर नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात, ती आम्ही ८० हजार गेल्यावर काढली.

शेवटी माहेरच्या ओळखीतले जुने रंगारी काका आले. आल्या आल्या टेरेसवर. मग टेप धरायला मलाच लावलं आणि प्रत्येक भिंत वहीत वेगळी लिहिली. बेरीज १७४०, मोठ्या खिडक्या-दारं वजा करून १६४०. मी म्हटलं काका त्यांचे ३९०० होते, तर काकांनी थोडा विचार केला आणि हसायलाच लागले. आमचं घर ४५ फूट खोल, २४ फूट उंच, म्हणजे एका बाजूची भिंत १०८०, दोन्ही मिळून २१६०. मिळवा १७४० मध्ये. त्या लोकांनी शेजाऱ्यांना चिकटलेल्या दोन्ही भिंती धरल्या होत्या, जिथे ब्रश काय, मुंगीसुद्धा जात नाही!

काकांनी प्लास्टर ठोकून पाहिलं, एकाच ठिकाणी बद्द आवाज आला, बाकी भेगा नुसत्या वरवरच्या. ओल भिंतीतून येतच नव्हती, टेरेस आणि पॅरापेटच्या (कठड्याच्या) कोपऱ्यातला वाटा, म्हणजे कोपऱ्यात पाणी मुरू नये म्हणून दिलेला सिमेंटचा गोलवा, फुटलाय, पावसाच्या पाइपच्या तोंडाशी पाणी मुरतंय. खात्रीसाठी पाइपाला बोळा लावून टेरेसवर ४८ तास पाणी साठवून ठेवलं, दुसऱ्या दिवशी बेडरूमचा कोपरा काळा. आणि ते टीं टीं मशीन? अशी बरीच मशीनं मुळात लाकडासाठी असतात, प्लास्टरला खार असला तरी आकडा चढतो, आणि इथे तर मीच सकाळी पाणी घातलेलं.

काकांचा रेट प्रायमर आणि दोन कोट मटेरियलसकट २४ रुपये, परांची त्यातच. ३९ हजार ३६०. वाट्याचे ६ हजार वेगळे. म्हणजे आमच्या नुसत्या ॲडव्हान्समध्ये अख्खं काम होऊन पैसे उरले असते. कंपनी, शेड, कोट, पैशाचे तीन टप्पे, सगळं त्यांनी वहीच्या पानावर लिहून सही करून दिलं, आणि डबे माझ्यासमोर फोडणार म्हणाले, आतलं टोकन मात्र माझं हं काकू. (टोकन म्हणजे रंगाच्या कंपन्या रंगाऱ्यांसाठी डब्यात टाकतात ते बक्षिसाचं कूपन.)

चौकीत गेलो तर हे दिवाणी प्रकरण आहे म्हणाले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, आता जिल्हा ग्राहक आयोगात टाकतोय, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. वाटा पावसाआधी करून घेतला, रंग मात्र दसऱ्यानंतर, भिंती नीट सुकल्यावर. तोवर मागची भिंत अर्धी पांढरी अर्धी पिवळी.

निळी फाइल आणि टीं टीं मशीनवाले नाशिकमध्ये अजून कुणाकडे येऊन गेले असतील तर मेसेज करा, आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट डिलीट करू नका, खात्यावरचं नाव जुळतंय का बघायचंय.